१० इंची टेबल सॉ, पाच सुती शाफ्ट आणि एक इंची बोरचं ब्लेड: रिंग घालून चालेल का?

खारघरच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेतून कायमचे परत येताना त्यांनी घरसामानाच्या कंटेनरमधून स्वतःचं १० इंची टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापणारं मशीन) आणलं. सोबतचं २४ दातांचं ब्लेड बोथट झालं म्हणून इथल्या दुकानातून १० इंची, ६० दातांचं नवीन ब्लेड घेतलं. घरी येऊन बघतात तर शाफ्ट, म्हणजे ब्लेड ज्यावर बसतं तो दांडा, बारीक आणि ब्लेडचं भोक मोठं. दुकानदाराने एक रिंग दिली. रिंग घालून ब्लेड बसलं, पण मशीन चालू केलं की थरथरतं, कापाच्या कडेवर पट्टे उमटतात आणि सागाची फळी उभी चिरताना काळे डाग पडतात. ते विचारतात, "अशी रिंग वापरणं बरोबर आहे का? की शाफ्टवरच लेथवाल्याकडून कायमची स्लीव्ह (जाडी वाढवणारी नळी) बसवून घेऊ? ठाणे-नवी मुंबईत या मापाचं ब्लेड मिळतं का?"

आधी एक कळकळीची विनंती. हे उत्तर वाचून मापं घेईपर्यंत ते ब्लेड त्या मशीनवर पुन्हा फिरवू नका. १० इंची ब्लेड मिनिटाला ४,५०० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा दाताचं टोक सेकंदाला जवळजवळ ६० मीटर वेगाने धावत असतं. त्या वेगाला थरथर जाणवत असेल तर काहीतरी नक्की चुकलेलं आहे, आणि ते सवयीने बरं होणारं नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही भोक आणि शाफ्ट जुळवायचा प्रयत्न करताय, पण खरा प्रश्न दोन भागांचा आहे. ब्लेड शाफ्टच्या बरोबर मध्यावर बसलंय का, हा एक. आणि नट आवळल्यावर दोन्ही बाजूंच्या फ्लॅंजनी, म्हणजे ब्लेडला दाबून धरणाऱ्या चकत्यांनी, ब्लेडच्या पत्र्यालाच पकडलंय का, हा दुसरा. रिंग ही दोन्ही कामं नीट करू शकते आणि दोन्ही बिघडवूही शकते. म्हणून "रिंग चालते का" याला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर मी देणार नाही. तुमच्या हातातली रिंग कशी आहे यावर ते ठरेल.

गोंधळ होतो कारण १० इंची ब्लेड जगभर एकाच बोरचं, म्हणजे मधल्या भोकाच्या मापाचं, नसतं. अमेरिकेत १० इंची टेबल सॉचा शाफ्ट ५/८ इंचाचा, म्हणजे आपल्या भाषेत पाच सुती, १५.८८ मिमी. युरोपात त्याच आकाराच्या मशीनला ३० मिमी. आपल्याकडे दुकानात १० इंचीत सहसा २५.४ किंवा ३० मिमी बोर दिसतो, कारण इथे बनलेल्या जुन्या मशीनचे शाफ्ट एक इंची आणि बाहेरून येणारा बराच माल ३० चा. एकाच कंपनीचं मशीन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या शाफ्टचं विकलं जातं, त्यामुळे मॉडेल नंबर सांगून ब्लेड मागणं भरवशाचं नाही. वागळे इस्टेटमधल्या माझ्या वर्कशॉपमध्ये एक इंची शाफ्टचं देशी मशीन आणि ३० मिमीचं युरोपीय मशीन शेजारी शेजारी उभी आहेत. दोन्हींची ब्लेडं वेगळ्या खुंट्यांवर टांगलेली असतात, नाहीतर घाईच्या दिवशी नवा पोरगा हमखास चुकीचं उचलतो.

म्हणून पहिलं काम व्हर्नियरचं, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरचं. डिजिटल नसेल तर साधा चालेल, पण पट्टीने माप घेऊ नका. पाच सूत १५.८८, सहा सूत १९.०५, सात सूत २२.२३, एक इंच २५.४. यांच्या आजूबाजूलाच १६, २०, २२, २५ आणि ३० ही मिलिमीटरची मापं आहेत. १९.०५ च्या शाफ्टवर २० चं ब्लेड सहज चढतं आणि बघणाऱ्याला बसल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते मध्यापासून जवळजवळ अर्धा मिलिमीटर सरकलेलं असू शकतं. शाफ्ट मोजताना आट्यांवर मोजू नका. फ्लॅंजला लागून जो गुळगुळीत भाग असतो, ज्यावर ब्लेड प्रत्यक्ष टेकतं, तिथे मोजा. आधी तो भाग साफ करा. कंटेनरचा प्रवास आणि वर खाडीकाठचा पावसाळा, एवढ्यावर शाफ्टला तांबूस गंज धरतोच. हिरव्या घासणीने आणि थोड्या तेलाने तो निघतो. पॉलिश पेपर लावून शाफ्ट बारीक करू नका.

अर्धा-पाव मिलिमीटरने असं काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. हिशोब करून बघू. ६० दातांचं ब्लेड, ४,५०० फेरे, आणि तुम्ही लाकूड मिनिटाला ४ मीटर वेगाने पुढे सरकवताय. प्रत्येक दाताच्या वाट्याला साधारण ०.०१५ मिमी लाकूड येतं. आता तुमच्या रिंगचा बाहेरचा व्यास २५.४ ऐवजी २५ असेल तर ब्लेड एका बाजूला ०.२ मिमी सरकतं. दाताच्या वाट्याच्या तेरा पट! मग फेरीच्या एका भागात दात लाकडाला नुसते घासत जातात, कापत नाहीत, आणि दुसऱ्या भागातल्या दातांवर दुपटीहून जास्त भार येतो. कडेवर ठरावीक अंतराने दिसणारे पट्टे इथून येतात. नुसत्या घासण्याने लाकूड तापतं, त्यातून थोडे डागही. कार्बाइडचे दात ठिसूळ असतात, त्यामुळे जास्त भार झेलणाऱ्या बाजूचे कोपरे आधी उडतात.

पण माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे रिंगच्या व्यासापेक्षा जाडीची गडबड जास्त असावी. दुकानातल्या सुट्या रिंगमध्ये मला हे वारंवार दिसतं. ब्लेडच्या पत्र्याची जाडी मोजा, दातांची नव्हे. दात पत्र्यापेक्षा रुंद असतात. समजा पत्रा १.८ मिमी आणि रिंग २ मिमी. नट कितीही आवळा, फ्लॅंज आधी रिंगवर टेकते आणि तिथेच अडकते. ब्लेडचा पत्रा दोन फ्लॅंजच्या मध्ये ०.२ मिमीच्या फटीत मोकळा राहतो. हाताने हलवून ते कळत नाही, कारण रिंगवर ते घट्ट बसल्यासारखं वाटतं. मशीन चालू झालं की ते डुलतं, आणि जोर पडला की शाफ्ट फिरत असताना ब्लेड जागच्या जागी घसरतं. रिंग काढून तिच्या दोन्ही तोंडांवर चकचकीत घासल्याच्या खुणा दिसत असतील आणि ब्लेडच्या पत्र्यावर फ्लॅंजचा वर्तुळाकार ठसा अजिबात नसेल, तर निदान पक्कं समजा.

हे दुरुस्त करता येतं. जाड काचेवर किंवा कडप्प्याच्या सपाट तुकड्यावर १२० नंबरचा एमरी पेपर ठेवा, रिंग पालथी घालून बोटांनी आठाच्या आकारात घासा, मधून मधून उलटा आणि चार ठिकाणी मोजत राहा. पत्र्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी पातळ झाली की थांबा. कडेचे खरखरीत काटे काढून टाका. ती एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त घासली गेली तर त्रास नाही, कारण आता फ्लॅंज तिला धरणारच नाही. तिचं काम फक्त ब्लेड मध्यावर ठेवायचं.

व्यासात ढिली असेल तर मात्र ती रिंग टाकून द्या. ढिल्या रिंगला टेप गुंडाळणं, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घालणं, ३० च्या बोरमध्ये एक रिंग आणि तिच्या आत दुसरी रिंग, हे सगळे प्रकार मी साइटवर बघतो आणि दर वेळी थांबवतो. युरोपीय कंपन्यांच्या ब्लेडसोबत जे सूचनापत्र येतं त्यात सुट्या रिंगा वापरून बोर लहान करू नका, दाबून किंवा चिकटवून पक्की बसवलेलीच रिंग वापरा, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. माझं मतही त्याच्या जवळचं आहे. रिंग बोटाने दाबून घट्ट बसली पाहिजे आणि ब्लेड उभं धरल्यावर आपोआप खाली पडता कामा नये. याच्यापेक्षा ढिली रिंग माझ्याकडे चालत नाही.

तशी रिंग तयार मिळाली नाही तर टर्नरकडून करून घ्या. वागळे इस्टेट, तुर्भे, महापे, कुठल्याही औद्योगिक गाळ्यांच्या गल्लीत लेथवाला भेटतोच. त्याला कागदावर मापं लिहून देऊ नका, ब्लेड हातात द्या आणि शाफ्टचं व्हर्नियरने घेतलेलं माप सांगा. दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या. बाहेरचा व्यास आणि आतला बोर एकाच पकडीत काढायचा, मध्ये जॉब चकमधून सोडून उलटा लावायचा नाही. उलटा लावला की आतलं वर्तुळ आणि बाहेरचं वर्तुळ यांचा मध्य बदलतो, आणि रिंग दिसायला सुंदर पण कामाला निरुपयोगी होते. दुसरं, जाडी पत्र्यापेक्षा कमी. साधं माइल्ड स्टील पुरेसं आहे. तुमच्या बाबतीत रिंगची भिंत ४.७६ मिमी येते, म्हणजे चांगली जाड, टर्नरला अवघड काहीच नाही.

शाफ्टवर कायमची स्लीव्ह बसवायच्या विचारात असाल तर कृपा करून तो सोडा. शाफ्ट, बेअरिंग आणि आतली फ्लॅंज हे एकमेकांशी काटकोनात तासलेलं असतं. तिथे गरम करून किंवा ठोकून काही चढवलं की बेअरिंगला धक्का बसतो. शिवाय एकदा एक इंची केलेल्या शाफ्टवर तुमचं मूळचं पाच सुती ब्लेड पुन्हा कधीच बसणार नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची वस्तू तेच जुनं ब्लेड आहे.

ते बोथट झालंय, मेलेलं नाही. दात कार्बाइडचे असतील आणि तुटलेले नसतील तर त्याला धार लागते, आणि चांगल्या प्रतीच्या ब्लेडला अनेकदा लागते. डायमंड चाकावर कार्बाइड ब्लेडला धार लावून देणारे आपल्याकडे आहेत. तुमच्या भागातल्या कुठल्याही मॉड्युलर किचनच्या कारखान्यात विचारा, ते त्यांची ब्लेडं कुठे पाठवतात ते सांगतील. धार लावायला देण्याआधी ब्लेड कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजवा आणि जुन्या टूथब्रशने दात घासा. कित्येकदा बोथटपणा म्हणजे दातांवर चढलेला राळेचा थरच असतो.

आता डागांबद्दल, कारण त्यांचा सगळा दोष रिंगला देणं बरोबर नाही. सागाची फळी उभी चिरायला ६० दातांचं ब्लेड मुळातच चुकीचं आहे. इतक्या जवळ जवळच्या दातांमध्ये लांब तंतूंचा भुसा मावत नाही, तो तिथेच घासून तापतो. उभ्या चिरकामाला २४ दात, प्लाय आणि आडव्या कापाला ६०, सनमायका लावलेल्या बोर्डाला ८० पर्यंत. एकच ब्लेड ठेवायचं असेल तर ४०. म्हणजे तुमचं जुनं २४ दातांचं ब्लेड चिरकामासाठी होतंच, त्याच्या जागी तुम्ही प्लायचं ब्लेड आणलंत.

डागांचं तिसरं कारण विजेचं असू शकतं. तुम्ही लिहिलंय की मशीनच्या पाटीवर १२० व्होल्ट, १५ ॲम्पियर आहे आणि तुम्ही स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवता. १२० गुणिले १५ म्हणजे १,८०० व्हीए नुसतं चालताना, सुरू होताना त्याहून बरंच जास्त. ट्रान्सफॉर्मर ३ केव्हीएपेक्षा (म्हणजे ३,००० व्हीएपेक्षा) लहान असेल तर लाकडाचा जोर आला की व्होल्टेज बसतं, ब्लेड मंदावतं आणि जळतं. मोटरला दोन बाजूंना कार्बन ब्रशची गोल झाकणं दिसली तर आपल्या ५० हर्ट्झचा तिला फरक पडत नाही. ब्रश नसलेली, जड, शांत आवाजाची इंडक्शन मोटर असेल तर ६० हर्ट्झवर ३,४५० फेरे घेणारी ती इथे २,८७५ च्या आसपास फिरेल आणि जास्त तापेल. तेव्हा लाकूड थोडं हळू सरकवावं लागेल आणि मोटरला मधून मधून विसावा द्यावा लागेल.

बोर जुळला की काम संपत नाही, हेही सांगायला हवं. ब्लेडमागे जी उभी पातळ पट्टी असते, रायव्हिंग नाइफ, तिची जाडी बघा. ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या कापाच्या रुंदीपेक्षा पातळ असावी लागते. अमेरिकन मशीनवर ती बहुतेक वेळा त्यांच्या नेहमीच्या १/८ इंची, म्हणजे एक सुती, कापाच्या किंवा त्याहून पातळ ब्लेडच्या हिशोबाने दिलेली असते. इथे घेतलेल्या ब्लेडचा काप तिच्यापेक्षा बारीक निघाला तर लाकूड ब्लेडमधून पुढे जातं आणि पट्टीवर अडकतं. मग माणसं वैतागून पट्टीच काढून ठेवतात. ती काढू नका. फळीचे दोन भाग मागे मिटून ब्लेडला चिमटा बसतो आणि फळी अंगावर उडते, ते थांबवणारी तीच एक गोष्ट आहे. चांगल्या ब्लेडवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ २५४ × २.८/१.८ × ३०. व्यास, काप, पत्रा आणि बोर, या क्रमाने. त्याच्या शेजारी जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा असतो आणि तो तुमच्या मशीनच्या पाटीवरच्या फेऱ्यांपेक्षा मोठा हवा. हे काहीच छापलेलं नाही असं ब्लेड स्वस्त मिळालं तरी मी घेत नाही. आणि तुमचं मशीन बोट लागताच ब्लेड थांबवणाऱ्या जातीचं असेल तर रिंग वगैरेच्या भानगडीत पडूच नका. त्याला ब्रेकपासूनचं अंतर आणि ब्लेडची जाडी नेमकी लागते, तिथे मॅन्युअल सांगेल तेच.

ब्लेड कुठे मिळेल? पाच सुती बोरचं १० इंची ब्लेड ठाण्यात जांभळी नाक्यावर किंवा वाशीत हार्डवेअरच्या दुकानात मागाल तर बहुतेक रिंग पुढे केली जाईल. मशीद बंदर स्टेशनवरून नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारायला हरकत नाही, तिथे औजारांच्या दुकानांत वेगळी मापं निघतात. जाताना जुनं ब्लेड सोबत न्या. व्हर्नियरपेक्षा ते दुकानदाराला चटकन कळतं, नव्या ब्लेडवर ठेवलं की भोकाला भोक जुळतं की नाही हे दोघांनाही दिसतं. ऑनलाइन मागवणार असाल तर शीर्षकावर जाऊ नका, तपशिलात बोर मिमीमध्ये वाचा, आणि १५.८८ लिहिलेलं ब्लेड मुळातच १५.८८ चं आहे की सोबत रिंग देऊन केलेलं आहे ते बघा. तुमचे अमेरिकेत नातलग असतील तर सगळ्यात सोपा मार्ग तोच: येणाऱ्या कुणालाही २४ आणि ४० दातांची दोन ब्लेडं चेक-इन बॅगेत, पुठ्ठ्यात गुंडाळून आणायला सांगा. हातातल्या बॅगेत नको, तिथे अडवतील.

अर्थात ज्यांची अडचण उलटी आहे, शाफ्ट मोठा आणि ब्लेडचं भोक लहान, त्यांच्यासाठी एक ओळ. ड्रिल किंवा कानशीने भोक मोठं करू नका. धार लावणाऱ्यांपैकी काहींकडे बोर वाढवायची सोय असते, ती वापरा, नाहीतर ब्लेड बदलून घ्या. आणि ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावून ते प्लायच्या टेबलाखाली उलटं बसवण्याचा जो प्रकार चालतो, त्यात मी कुठलीही मापं सुचवणार नाही.

तुम्ही आता काय करायचं ते क्रमाने सांगतो. प्लग काढा, ब्लेड उतरवा. नट कोणत्या दिशेने सुटतो याचा घोळ होत असेल तर बहुतेक मशीनवर ब्लेड ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने पाना ओढला की तो सुटतो. शाफ्ट, फ्लॅंजची आतली तोंडं आणि ब्लेडचा मधला भाग पुसून घ्या. तिथे अडकलेला भुशाचा एक कणही दातांशी मोठा होऊन दिसतो. घासलेली किंवा नवी रिंग घालून ब्लेड पुन्हा बसवा. मग प्लग काढलेलाच ठेवून एका दातावर मार्करने खूण करा. टेबलावर लाकडाचा ठोकळा क्लॅम्पने पक्का बांधा, त्याची कड त्या दाताच्या बाजूला जेमतेम टेकेल अशी. आता ब्लेड हाताने उलट्या दिशेने सावकाश फिरवा आणि कान द्या. सगळे दात सारखंच हलकं खरखरत गेले तर ब्लेड सरळ आहे. काही दात जोरात घासले आणि समोरचे मुळीच लागले नाहीत, तर ते डुलतंय. मग ठोकळा दातांच्या टोकासमोर आणून तेच करा, म्हणजे मध्य कळेल. डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणारं माप) असेल तर उत्तमच, पण टेबल ॲल्युमिनियमचं असलं की त्याचा चुंबकी पाया चिकटत नाही, ठोकळ्याची पद्धत कुठेही चालते.

ही तपासणी झाली की इथेच पाच आकडे लिहा: शाफ्टचा व्यास, रिंगचा बाहेरचा व्यास, रिंगची जाडी, ब्लेडच्या पत्र्याची जाडी आणि रायव्हिंग नाइफची जाडी. सोबत ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा आहे तेही. त्यावरून तीच रिंग घासून चालेल की टर्नरकडे जावं लागेल, आणि ते ६० दातांचं ब्लेड प्लायसाठी ठेवण्याजोगं आहे की दुकानदाराला परत द्यावं, हे मी नेमकं सांगू शकेन.